मनाचा जीर्णोद्धार : कोणता नियम धरावा?

(श्री मारुती मंदिराच्या जीर्णोद्धार व कलशारोहण सोहळ्यानिमित्त झालेल्या सप्ताहात, चौथ्या दिवशी सायंकाळी हरिपाठानंतर केलेले भाषण)



प्रथमच एक गोष्ट कबूल करतो. मी वक्ता नव्हे, कीर्तनकार तर नव्हेच नव्हे. शिक्षण एस.एस.सी.पर्यंतचे आणि नोकरी तालुक्याच्या कचेरीत कारकुनाची. दिवसभर लोकांचे अर्ज वाचायचे, त्यावर शेरे मारायचे आणि आवक-जावक रजिस्टरात नोंदी घ्यायच्या, हा माझा धंदा. अक्षर बरे म्हणून समितीने देणगीच्या पावत्या लिहिण्याचे काम माझ्याकडे दिले. कुणी रोख रक्कम दिली, कुणी वाळूची खेप दिली, कुणी ट्रॅक्टर दिला, तर ज्यांच्याजवळ काहीच नव्हते त्यांनी आपले दोन हात दिले. ह्या सर्वांची नावे लिहिण्याचे भाग्य मला लाभले. तेवढ्यावर माझे समाधान होते. परंतु समितीने आज बोलायला उभे केले, आणि वडीलधाऱ्यांचा शब्द मोडण्याची आपल्याकडे रीत नाही.

विषय मी शोधला नाही, तो चालत आला. गेल्या महिन्यात पावती फाडताना कॉलेजात जाणारा आपल्याच गावचा एक मुलगा मला म्हणाला, “काका, मन ताब्यात ठेवायचं तर नेमकं काय करायचं? आजी म्हणते जप कर. सर म्हणतात योगासनं कर. मामा म्हणतो विपश्यनेला जा. वस्ताद म्हणतात तालमीत ये. आणि हातातला मोबाईल काही सुटत नाही. ह्यातलं एक काय ते सांगा.”

त्या वेळी मी त्याला उत्तर दिले नाही. गप्प राहून पावती लिहिली. कारण हाच प्रश्न बारा वर्षांपूर्वी माझ्यापुढे उभा होता आणि त्याचे उत्तर शोधताना मी बऱ्याच ठेचा खाल्ल्या होत्या. आज त्या मुलाला सर्वांच्या देखत उत्तर देतो.

उत्तर देण्यापूर्वी हा प्रश्न माझ्यापुढे का उभा राहिला, ते सांगणे भाग आहे. त्या वेळी मी ज्या कचेरीत होतो, तिचे नाव सांगत नाही. दोष कचेरीचा नव्हता, माझा होता. उन्हाळ्याचे दिवस, दुपारची वेळ, वीज गेलेली, खिडकीपुढे रांग. एक म्हातारे गृहस्थ निराधार पेन्शनच्या कागदासाठी तिसऱ्यांदा आले होते. त्यांच्याकडे हयातीचा दाखला नव्हता. म्हणजे हयात माणूस समोर उभा आहे आणि मी त्याच्याकडे हयातीचा दाखला मागतो आहे! नियम होता हे खरे. पण नियम सांगण्याची एक रीत असते. मी आवाज चढवला, नको ते बोललो आणि त्यांचे कागद खिडकीतून बाहेर भिरकावले. ते जमिनीवर पसरले. म्हातारबाबा खाली वाकले, एकेक कागद गोळा केला, त्यावरची धूळ धोतराने पुसली, डोक्यावरची टोपी नीट केली आणि म्हणाले, “साहेब, तुमचं काय चुकत न्हाई. दिवसच उन्हाचा हाय.”

त्यांनी शिवी दिली असती तर बरे झाले असते. त्या रात्री जेवण गेले नाही. माझे वडील असेच टोपी घालून, असेच कागद घेऊन कुठल्या ना कुठल्या खिडकीपुढे उभे राहिले असतील, हा विचार काही डोक्यातून जाईना. रागावर ताबा मिळवायचा, असे मी त्या रात्री ठरवले.

आता ठरवणे सोपे असते. मी दुसऱ्याच दिवशी मोठा बेत आखला. पहाटे चार वाजता उठायचे, थंड पाण्याने स्नान, एकशे आठ सूर्यनमस्कार, मग तासभर जप. अकरा दिवस चालले. बाराव्या दिवशी गुडघा धरला आणि गुडघ्याबरोबर जपही बसला. नंतर दर गुरुवारी मौन धरले. तोंड बंद, पण पाटीवर लिहून मुलांना रागे भरायचो. पाटीवरची अक्षरे बोलण्यापेक्षा मोठी असायची! मग एकादशी धरली. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी, आणि दिवसभर चिडचिड. शेवटी घरातून ऐकावे लागले, “अहो, एकादशी तुमची आणि उपास आमचा. त्या दिवशी घरात कुणाला मोठ्यानं बोलायची सोय नाही.”

आपण हसलात, बरे वाटले. पण ह्यात माझी चूक काय झाली? सूर्यनमस्कार वाईट नाहीत, मौन वाईट नाही, एकादशी तर मुळीच वाईट नाही. चूक माझ्या निवडीत होती. कपाटात औषधाच्या दहा बाटल्या आहेत म्हणून दहाही बाटल्यांतले औषध कुणी एकदम पीत नाही. वैद्य आधी नाडी पाहतो. मी नाडी न पाहता बाटल्या उघडत सुटलो होतो.

ह्या बाटल्यांत काय काय आहे ते आता थोडक्यात पाहू. माझ्या अल्पमतीप्रमाणे मनाला वळण लावण्याच्या रिती पुष्कळ असल्या तरी त्यांची दारे चारच आहेत : शरीर, जीभ, श्वास आणि हात.

पहिले दार शरीराचे. ह्या बाबतीत आपला भाग भाग्यवान आहे. समर्थ रामदास स्वामींनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक आपल्या वाळवे तालुक्यात, कृष्णेच्या पात्रात बहे येथे आहे आणि एक शेजारी शिराळ्याला आहे. लग्न होऊन आले की जोडप्याला बह्याच्या मारुतीला नेण्याची रीत आपल्यापैकी किती तरी घरांत आहे. पण समर्थांनी मारुतीच का निवडला, हा विचार आपण करत नाही. नाशिकजवळ टाकळीला समर्थांनी बारा वर्षे तप केले. पहाटे गोदावरीच्या पाण्यात उभे राहून जप आणि त्यासोबत रोजचे सूर्यनमस्कार, असा तो क्रम होता, असे परंपरा सांगते. पुढे त्यांनी लोकांना मारुती दिला तो बळासाठी, आणि दोनशे पाच मनाचे श्लोक लिहिले ते मनासाठी. शरीर आणि मन ही एकाच गाडीची दोन चाके आहेत, हे त्यांनी ओळखले होते.

हीच गोष्ट औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या काळात केली. त्यांनी स्वतः आयुष्यभर सूर्यनमस्कार घातले, त्यावर पुस्तक लिहिले आणि संस्थानच्या शाळांतून मुलामुलींना ते घालायला लावले. तालमीचेही तसेच. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकून आले. आपल्याच जिल्ह्यातील कवठेपिरानचे मारुती माने १९६४ साली हिंदकेसरी झाले. आपण त्यांच्या छात्या आणि दंड पाहतो. पण पोराला वस्ताद पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. हातात खोरे देतात आणि हौदा खणायला लावतात. रोज खणायचा, रोज माती सारखी करायची. अंगात मस्ती असलेल्या पोराचा निम्मा माज त्या खोऱ्यानेच उतरतो.

दुसरे दार जिभेचे. खाणे आणि बोलणे ही दोन्ही कामे देवाने एकाच जिभेकडे दिली आणि माणसाचा सगळा घोटाळा तिथेच झाला. वारकरी संप्रदायाने हे दार ओळखले. गळ्यात तुळशीची माळ घातली की दारू नाही, मांसाहार नाही, महिन्याच्या दोन एकादश्या आणि तोंडी हरिपाठ. ह्या वाटेला काही पैसा लागत नाही, म्हणूनच ती गरिबाची वाट झाली. आपले शेजारी पाहा. जैन बांधव अष्टमी-चतुर्दशी पाळतात. मुसलमान बांधव रमजानच्या महिन्यात दिवसभर पाण्याचा घोटही घेत नाहीत, आणि रोजा धरून शिवीगाळ केली तर तो रोजा कसला, असे त्यांच्यातील जाणती माणसेही सांगतात. बौद्ध बांधव पंचशील घेतात, त्यात खोटे बोलणार नाही आणि नशा करणार नाही असे दोन नियम आहेतच. देव्हारे वेगवेगळे असले तरी जीभ सगळ्यांची एकच आहे.

तिसरे दार श्वासाचे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि आसन-प्राणायामाने शरीरात काय फरक पडतो हे यंत्रे लावून तपासायला आरंभ केला. पुढे सत्यनारायण गोएंका ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आले आणि त्यांनी इगतपुरीला विपश्यनेचे मोठे केंद्र उभे केले. तिथे दहा दिवस राहावे लागते. बोलणे बंद, वाचणे-लिहिणे बंद, मोबाईल बंद. पहिले तीन दिवस दुसरे काही नाही, नाकातून येणारा-जाणारा श्वास नुसता पाहत बसायचे. ऐकायला किती सोपे! घरी पाच मिनिटे करून पाहा. तिसऱ्या श्वासाला मन कारखान्याच्या बिलात जाऊन बसते. १९९४ साली दिल्लीच्या तिहार तुरुंगात एका वेळी हजारावर कैद्यांचे असे शिबिर झाले होते.

तुरुंगाचा विषय निघाला म्हणून चौथ्या दाराची, म्हणजे हाताच्या कामाची गोष्ट सांगतो. ती आपल्याच सांगली जिल्ह्यातील आहे आणि आपल्याच मुलांना ठाऊक नाही. आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची वसाहत आहे. १९३९ साली औंध संस्थानात ती सुरू झाली. मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश इंजिनियर भारतात येऊन इथलेच झाले होते. त्यांची कल्पना आणि भवानरावांचा पाठिंबा. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेल्या माणसांना कोठडीतून काढायचे, उघड्या रानात आणायचे आणि त्यांच्याकडून शेती करून घ्यायची. भोवती तुरुंगाची भिंत नाही. पळून जायचे म्हटले तर चारी दिशा मोकळ्या! व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट ह्याच प्रयोगावर आधारलेला आहे आणि त्याची कथा आपल्या माणदेशचे ग. दि. माडगूळकर यांनी लिहिली.

मी ह्या गोष्टीवर पुष्कळ विचार केला. ज्या हातांकडून एके काळी रागाच्या भरात भलते घडले, तेच हात माणसाने विश्वास टाकला आणि रोजचे काम दिले तर भिंतीशिवाय जागेवर राहतात. म्हणजे भिंत मुळात दगडाची नसतेच. रोजच्या नियमाची भिंत आतून उभी राहते. ज्याच्या आत ती नाही, त्याला बाहेर कितीही उंच भिंत बांधली तरी तो उडी मारतोच. आणि ज्याच्या आत ती आहे, त्याला कुलपाची गरज नाही.

आता मुख्य प्रश्न. चार दारे आहेत, त्यांतून आपण कोणत्या दाराने जावे? ह्यासाठी मी चार कसोट्या सांगतो. त्या माझ्या चुकांतून निघालेल्या आहेत, पुस्तकातल्या नाहीत.

पहिली कसोटी : आपले दुखणे कोणते? राग, आळस, चैन, जीभ, की मोबाईल? दुखणे जिथे असेल तिथे नियम लावावा. ज्याचे अंग आळसावले आहे त्याने तासभर डोळे मिटून बसू नये, त्याला झोप लागेल. त्याने तालमीत जावे, पहाटे चालावे. ज्याच्या जिभेला धार आहे त्याने जिभेचा नियम धरावा. माझे दुखणे राग होते आणि मी इलाज करत होतो गुडघ्यांवर! रागाची जागा श्वासात असते. राग आला की पहिल्यांदा श्वास बदलतो, मग आवाज, मग हात. हे मला फार उशिरा कळले.

दुसरी कसोटी : आपल्या सर्वांत वाईट दिवशी हा नियम पाळता येईल का? चांगल्या दिवशी सर्वच नियम पाळले जातात. उसाला तोड आली आहे, घरात आजारपण आहे, लग्नघाई आहे, रात्रपाळी आहे, अशा दिवशी जो नियम टिकतो तोच आपला. शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको. कृष्णाकाठच्या रानात पाणी मुबलक आले, आपण पाट मोडून दिले आणि पिढ्यान्‌पिढ्या पिकलेली काळी जमीन क्षारपड करून ठेवली. पाणी वाईट नव्हते, बेत चुकला. वाफ्याला झेपेल एवढेच पाणी द्यावे. एकशे आठ नमस्कार अकरा दिवस घालण्यापेक्षा बारा नमस्कार बारा वर्षे घालावेत.

तिसरी कसोटी : आपण चुकलो तर कुणाच्या तरी लक्षात येईल का? एकट्याने धरलेला नियम एकटाच मोडतो आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून आपल्या पूर्वजांनी दिंडी काढली, तालीम बांधली, सप्ताह बसवला. दिंडीत माणूस दमला तरी चालतो, कारण पुढचा चालतो आहे आणि मागचा पाहतो आहे.

चौथी कसोटी सर्वांत महत्त्वाची : आपल्या नियमामुळे घरातल्यांना सुख झाले का? नियम धरणाऱ्याला स्वतःला नेहमी वाटते की आपली प्रगती होत आहे. त्याचे मत विचारात घेऊ नये. बायकोला विचारावे, मुलांना विचारावे, हाताखालच्या शिपायाला विचारावे. माझी एकादशी ह्या कसोटीत नापास झाली, कारण तिने मला उपाशी ठेवले पण सौम्य केले नाही. एकादशीने ज्यांना खरोखर सौम्य केले अशी माणसे ह्याच मंडपात बसलेली आहेत, त्यांना माझा नमस्कार.

ह्या चारही कसोट्या लावून मी शेवटी काय धरले ते सांगतो. ते इतके लहान आहे की सांगायला लाज वाटते. कचेरीत खुर्चीवर बसल्यावर, पहिला अर्ज हातात घेण्यापूर्वी, समर्थांचा तेरा अक्षरी राममंत्र सावकाश श्वासाबरोबर अकरा वेळा मनात म्हणायचा. बोटांच्या पेरांवर मोजायचा. पुरी दोन मिनिटेही लागत नाहीत. समोरचा माणूस समजतो, साहेब चष्मा पुसत आहेत. आणि दिवसात राग आला की पेन खाली ठेवायचे. पेन खाली ठेवल्याशिवाय तोंड उघडायचे नाही. सायंकाळी गावात असलो की हरिपाठाला देवळात यायचे. एवढेच.

लगेच फरक पडला नाही. सवय अशी लगेच सुटत नाही. सरकारने २०२५ साली इस्लामपूरचे ईश्वरपूर असे नामांतर जाहीर केले. पण एस.टी.त बसल्यावर आपल्या तोंडातून कोणते गाव निघते, ते प्रत्येकाने आठवून पाहावे! जिभेचे वळण बदलायला वेळ लागतो, मग मनाचे वळण कसे लवकर बदलेल? २०१० साली लंडनच्या संशोधकांनी शहाण्णव माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. प्रत्येकाने एक लहान गोष्ट रोज करायची ठरवली होती. कुणी जेवणाबरोबर पाणी पिण्याची, कुणी चालण्याची. ती गोष्ट अंगवळणी पडायला सरासरी सहासष्ट दिवस लागले. पण कुणाला अठराच, तर कुणाला दोनशे चोपन्न दिवस लागतील, असा त्यांचा हिशेब निघाला. म्हणून शेजाऱ्याला दोन महिन्यांत साधले आणि मला वर्ष लागले, तर खंत करू नये. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली आणि ती मला फार धीर देऊन गेली. मध्ये एखादा दिवस चुकला म्हणून फारसे बिघडत नाही. आपण मात्र एक दिवस चुकला की “आता मोडलंच” म्हणून सगळे सोडून देतो. चुकलेला दिवस माणसाला पाडत नाही, तो सोडून देण्याचे निमित्त होतो, एवढेच.

आपल्या जुन्या ग्रंथांत हेच आहे. मन चंचल आहे, आवरत नाही, अशी तक्रार गीतेच्या सहाव्या अध्यायात अर्जुनासारखा वीर करतो. भगवंतही ते अमान्य करत नाहीत. अभ्यास आणि वैराग्य असे दोनच उपाय सांगतात. पतंजलींनीही हेच दोन शब्द वापरले आणि अभ्यासाला अटी घातल्या : पुष्कळ काळ करावा, खंड न पाडता करावा आणि आदराने करावा. मला वाटते, आदराने ही अट आपण विसरतो. चुकून एक दिवस गेला, पण दुसऱ्या दिवशी त्याच आदराने पुन्हा बसलो, तर तो खंड नव्हे.

तालुक्याचा विषय आहे आणि एका माणसाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. येडे मच्छिंद्रचे क्रांतिसिंह नाना पाटील मुळात माझ्यासारखेच महसूल खात्यातले, तलाठी होते. १९३० च्या चळवळीत त्यांनी नोकरी सोडली. पुढे बेचाळीसच्या लढ्यात ह्या भागात प्रतिसरकार उभे राहिले. त्याने इंग्रजाला आव्हान दिले हे सर्वांना माहीत आहे. पण त्याच प्रतिसरकारने गावोगाव दारूबंदी केली आणि कमी खर्चाची लग्ने लावली. ज्याला इंग्रजाचे राज्य घालवायचे आहे त्याने आधी बाटलीचे राज्य घालवावे, हे त्यामागचे साधे गणित होते. स्वराज्य ह्या शब्दात आधी ‘स्व’ येतो.

इथे एक खुलासा करणे माझे कर्तव्य आहे. नियम हा औषधाला पर्याय नाही. ज्याला दारूचे व्यसन पुरते जडले आहे, तो आजारी आहे. त्याला देवळात आणून शपथ घातली की काम झाले, असे समजू नये. पुण्याला डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण सुरू केले. साताऱ्याला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी परिवर्तन ही संस्था उभी केली. व्यसन सोडवण्यासाठी अशी ठिकाणे आहेत, सरकारी दवाखाने आहेत, तिथे न्यावे आणि त्यासोबत नियम धरावा. तसेच ज्याला झोप नाही, जगणे नकोसे वाटते, भलतेसलते भास होतात, त्याला डॉक्टरकडे न्यावे. विपश्यनेच्या अर्जातही मानसिक आजाराची चौकशी आधी करतात, ती उगीच नव्हे. देवावर विश्वास ठेवणारा माणूस डॉक्टरकडे गेल्याने देव कमी होत नाही.

आता आपल्या देवळाविषयी. जुने देऊळ उतरवले तेव्हा मारुतीराया पत्र्याच्या शेडमध्ये बसले. वर पत्रा, खाली मुरूम, बाजूला सिमेंटची पोती. उन्हाळ्यात शेड तापायची, पावसात पत्र्याच्या आवाजात टाळ ऐकू यायचे नाहीत. पूर्वी हरिपाठाला पंचवीस-तीस माणसे असायची, ती गळत गेली. “देऊळ झालं की येऊ” असे म्हणाली. शेवटी चौघेच उरले. मी त्या चौघांत रोज नव्हतो, हे सांगितले पाहिजे. माझेही पुष्कळ दिवस चुकले. पण एक वृद्ध वारकरी रोज यायचे. एका सायंकाळी मुसळधार पावसात कुणीच येणार नाही असे वाटून मी छत्री घेऊन सहज डोकावलो, तर ते एकटेच टाळ घेऊन उभे होते. मी म्हटले, “आबा, आज एकटेच?” ते म्हणाले, “एकटा कुठं? त्यो हाय की समोर.” आणि मग हसून म्हणाले, “आन्‌ आता तूबी आलास.”

मंडळी, ज्या काळात आपल्याला देऊळ नव्हते, त्या काळात देऊळ त्या चौघांनी सांभाळले. आज आपण कलश चढवणार आहोत तो दगड-सिमेंटच्या शिखरावर. पण खरा कलश कुणी चढवला, हे मला विचाराल तर मी पावतीपुस्तकात नसलेली ती चार नावे सांगेन.

त्या म्हातारबाबांचे पुढे काय झाले, हे आपण मनात विचारत असाल. त्यांचे काम पुढच्या आठवड्यात माझ्या एका सहकाऱ्याने करून दिले. मी मात्र तोंड दाखवायला धजलो नाही. तीन वर्षांनी, नियम थोडा अंगवळणी पडल्यावर, एका रविवारी त्यांच्या वाडीवर गेलो आणि झाल्या गोष्टीची माफी मागितली. त्यांनी बराच वेळ माझ्याकडे पाहिले. म्हणाले, “मला काय आठवत न्हाई बाबा. कचेरीत आसं व्हतंच की रोज.” मग चहा पाजला.

मला वाटले होते की ते क्षमा करतील. पण त्यांना क्षमा करण्यासारखे काही आठवतच नव्हते. आम्ही खिडकीच्या आतले लोक इतक्या वेळा इतक्या जणांवर ओरडलो होतो की त्यांना त्यात माझे ओरडणे वेगळे काढता आले नाही. ह्याहून मोठी शिक्षा मला कुणी दिली नाही. त्या दिवसापासून पेरांवरचे अकरा मंत्र मी एका दिवशी विसरलो असेन, पण ते का म्हणायचे हे विसरलो नाही.

मी पूर्ण सुधारलो असे कृपया समजू नका. ह्याच सोहळ्याच्या धावपळीत परवा माझ्या मुलावर पावतीपुस्तकावरून ओरडलो, तो इथेच बसला आहे. पण पूर्वी ओरडल्यावर मला चार दिवस पटायचे नाही, आता चार मिनिटांत पटते. बारा वर्षांची कमाई म्हटली तर एवढीच.

तेव्हा त्या कॉलेजकुमाराला माझे उत्तर असे : बाबा रे, कोणता नियम श्रेष्ठ हे विचारत बसू नकोस. आजी, सर, मामा आणि वस्ताद ह्या चौघांचेही बरोबर आहे. तुझे दुखणे तू ओळख. त्यावर एकच नियम निवड, दोन नको. तो इतका लहान ठेव की परीक्षेच्या दिवशीही पाळता येईल. चार माणसांत पाळ. आणि वर्षभराने माझ्याकडे येऊ नकोस, तुझ्या आईला विचार, पोरगं बदललं का. मोबाईलचेच दुखणे असेल तर सायंकाळच्या हरिपाठापुरता तो घरी ठेवून ये. अर्ध्या तासापासून आरंभ कर.

आणि देणगीदार बंधूंना, ग्रामस्थांना माझी हात जोडून विनंती. आपण पैसा दिला, घाम गाळला, त्याच्या पावत्या मी लिहिल्या. आता कलशारोहणाच्या दिवशी प्रत्येकाने मारुतीरायापुढे एक लहानसा नियम मनात धरावा. तो कुणाला सांगू नये, त्याचा फलक लावू नये. पण घरातल्या एकाला तरी सांगून ठेवावा, म्हणजे चुकल्यावर आठवण करायला कुणी राहील. ह्या देणगीची पावती मी फाडू शकत नाही. ती घरची माणसे फाडतील.

देऊळ नवे झाले. त्यात येणारा माणूस जुन्याचाच राहिला तर आपण केवळ दगड बदलले असे होईल. तसे न होवो, अशी मारुतीरायाच्या चरणी प्रार्थना करतो.

जय हरी. जय बजरंगबली.